फुगलेले सेल

रॉड हॉकिंगला घाई फार. माणूस चांगला आहे, आणि आखातातले निळे खेकडे धरण्यात आमच्या वॉलरू गावात त्याचा हात धरणारा कोणी नाही; पण एखादी गोष्ट तिच्या वेळेने होऊ द्यायची म्हटलं की त्याच्या अंगाला खाज सुटते. म्हणून त्या एप्रिलमध्ये तो माझ्या शेडमध्ये आला की मी आधी त्याचे हात कुठे आहेत ते बघायचो.

"अजून तेवढंच?" तो म्हणायचा. "अरे नेव्ह, तू तळ्यावर पोचशील तोवर तिथे परत मीठ झालेलं असेल."

"होऊ दे."

"होऊ दे काय? व्होल्टेज जरा वर घे. करंट बघ, कसा मान टाकून पडलाय."

"हात लावू नकोस."

"लावला का मी? नुसतं बोलतोय. बोलायलाही बंदी आहे का तुझ्या राज्यात?"

टेबलावर चार सेल होते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे, निळ्या वेष्टनातले, आकाराने मोठ्या पावाएवढे आणि वजनाला विटेपेक्षा भारी. चौघांची प्लस टोकं एका तांब्याच्या पट्टीला, मायनस दुसऱ्या पट्टीला, आणि दोन्ही बाजूंनी प्लायवूडच्या फळ्या लावून बोल्टने आवळलेले. शेजारी माझा पॉवर सप्लाय. फिरवायची दोन बटणं, एक व्होल्टेजचं, एक करंटचं, आणि वर लाल आकडे.

नवे सेल आले की चारही सारखे भरलेले नसतात. एक थोडा पुढे असतो, एक मागे. तसेच त्यांची बॅटरी केली तर पुढचा आधी भरतो आणि बाकीच्यांचं जेवण अर्ध्यावर थांबतं. म्हणून आधी चौघांना एकत्र बांधून सावकाश काठोकाठ भरायचं. तीन पॉइंट सहा पाच व्होल्ट, त्याच्यावर नाही. शेवटी शेवटी करंट अगदी थेंबथेंब जातो आणि तासन्‌तास काहीच घडत नाही. लोकांचा धीर सुटतो तो तिथेच. व्होल्टेज जरा वर घेतलं की करंट पुन्हा धावायला लागतो, माणूस खूश होऊन चहा प्यायला जातो आणि विसरतो. सेलवर नजर ठेवणारं सर्किट या टप्प्याला जोडलेलंच नसतं. राखणदार काय तो तेवढं एक बटण.

चाकांवरचं घर गाडीमागे ओढत फिरणाऱ्या आमच्या कॅराव्हॅनवाल्या म्हाताऱ्यांमध्ये त्यामुळे एक रीत पडून गेली आहे. सेल जोडायच्या आधी सप्लायवर व्होल्टेज लावायचं, वेगळ्या मीटरने ते ताडून बघायचं, आणि मग बटणावर चिकटपट्टी मारायची. दुसऱ्याच्या पट्टीला हात लावायचा नाही. शेडच्या फ्रिजमधली बिअर न विचारता प्यायलात तर शिव्या खाल, पण पट्टी काढलीत तर गावातली सगळी शेडं तुम्हाला बंद होतील.

बॅटरी हवी होती ग्लेनिससाठी. ग्लेनिस माझी बायको. तिची फुफ्फुसं घट्ट होत चालली होती, आणि एक यंत्र रात्रंदिवस हवेतून प्राणवायू काढून नळीने तिच्या नाकात सोडत असे. ते भिंतीतल्या विजेवर चालायचं. फेब्रुवारीत अ‍ॅडलेडच्या डॉक्टरने सांगितलं की हा हिवाळा निघेल असं वाटत नाही. सांगताना तो नीट वागला, घड्याळाकडे बघितलं नाही. मी बाहेर येऊन पार्किंगचं तिकीट मशीनमध्ये घातलं, वाटेत पेट्रोल भरलं आणि घरी येऊन गवत कापलं. वाटलं, ती झोपली की रडू येईल. आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दातवाल्याने सुई मारली की गाल आपला राहत नाही ना, तसा मी सगळाच्या सगळा झालो होतो. जेवायचो, झोपायचो, विनोद झाला तर हसायचोसुद्धा. आत काही हलत नव्हतं.

त्यातच उत्तरेला पूर आला आणि क्वीन्सलँडचं पाणी उतरत उतरत लेक एअरच्या तळ्यात पोचायला लागलं. लग्न झाल्या झाल्या मी ग्लेनिसला तिथे घेऊन गेलो होतो. तळं म्हणजे नजर जाईल तिथवर कोरडं मीठ आणि डोळे फोडणारं ऊन. तिथे उभी राहून ती म्हणाली होती, "पाणी येईल तेव्हा परत यायचं हं, नेव्ह." ते वाक्य मी जन्मभर जपलं. पाणी येतं क्वचित, आणि ते येई तेव्हा कधी सायलोवर, मी कामाला होतो त्या धान्यकोठारावर, गव्हाचा हंगाम चालू असे, कधी तिची आई अंथरुणाला खिळलेली असे. आता आलं होतं, आणि आता मला कुठली नोकरी नव्हती. कॅराव्हॅन दारात उभी होती. दिवसा गाडी चालू असताना यंत्राचं निभलं असतं. रात्रभर ते चालवील अशी बॅटरी तेवढी नव्हती. मी सेल मागवले.

"जायचं ना?" मी ग्लेनिसला विचारलं.

"बघू या, बॅटरी होतेय का ती आधी," ती म्हणाली.

मी ते हो म्हणून धरलं.

मग माझे दिवस शेडमध्ये जाऊ लागले. खरं सांगायचं तर मला तिथे बरं वाटायचं. बरं म्हणजे काय, काही वाटायला लागायचं नाही. आकडा वर जातो, किंवा जात नाही. तो तुमच्याकडे बघत नाही, त्याला धाप लागत नाही. जेवताना मी ग्लेनिसला सगळं सांगायचो, कुठला सेल मागे होता, तारा जाड का लागतात, बटण कुठल्या बाजूला फिरवलं की काय होतं. ती काटा हातात धरून ऐकायची. इतकं मन लावून तिने माझं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

"आणि जास्त भरले तर?" एकदा तिने विचारलं. "पेट घेतात?"

"दुसऱ्या जातीचे घेतात. हे शहाणे आहेत. हे फुगतात, वास मारतात आणि कायमचे कामातून जातात. घर नाही जाळत."

"चला, तेवढं तरी बरं," ती म्हणाली. "जा मग, तुझ्या चौघांना बघून ये. भूक लागली असेल लेकरांना."

सेल भरत आले, एखाद्या दिवसाचं काम उरलं. त्या सकाळी मी तिची औषधं आणायला आणि कॅराव्हॅनचा एक टायर बदलून घ्यायला शेजारच्या कडीना गावी गेलो. परत आलो तेव्हा ग्लेनिस तिच्या खुर्चीत होती, आणि तिचा रंग मला आवडला नाही. ओठ राखेसारखे झाले होते.

"काय झालं?"

"काही नाही. रात्री झोप लागली नाही. रॉड येऊन गेला, खेकडे ठेवलेत शेडच्या फ्रिजमध्ये."

"मी जरा सेल बघून येतो."

"बस ना इथे थोडा."

असं ती म्हणत नसे. मी बसलो. तिला चहा हवा होता, मग आल्याचं बिस्किट, मग म्हणाली पेपरातल्या निधनवार्ता वाच. त्या ऐकायला तिला फार आवडायचं.

"मॉरिस रो," मी वाचलं. "कुटुंबीयांच्या सान्निध्यात शांतपणे निधन."

"शांतपणे? तो? झोपेतसुद्धा भांडायचा मेला. बायको म्हणाली असेल, सुटले. पुढचा कोण?"

असं दुपारभर चाललं. मी उठायला लागलो की तिला काहीतरी हवं असायचं. अखेर उन्हं कलल्यावर तिचा डोळा लागला आणि मी शेडकडे गेलो.

दार उघडताच गोडसर वास आला, थिनरसारखा. सेल तट्ट फुगले होते, खराब झालेल्या डब्यांसारखे. प्लायवूडची एक फळी बाक येऊन मधोमध तडकली होती, आणि एका सेलच्या डोक्यावरची झडप उघडून कडेने ओलं झालं होतं. सप्लायवरचं व्होल्टेजचं बटण पार उजवीकडे गेलेलं होतं. त्यावरची चिकटपट्टी कोणीतरी काढून टेबलाच्या कडेला लावून ठेवली होती. मी सप्लाय बंद केला, दोन्ही दारं उघडी टाकली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. नवे सेल यायला आठवडे लागतात. तेवढ्यात तळ्याचं पाणी ओसरलं असतं, आणि ग्लेनिसचं काय झालं असतं ते मी मनात पुढे जाऊ दिलं नाही. आता तरी राग यायला हवा होता. मी त्याची वाट बघितली. तो आला नाही, पण अशा वेळी माणसाने चिडायचं असतं एवढं मला आठवत होतं, म्हणून गाडी काढून रॉडकडे गेलो.

रॉड परसात मोठ्या हंड्यात खेकडे उकडत होता.

"ये ये," तो म्हणाला. "वासावर आलास ना, भुकेल्या?"

"पट्टी तू काढलीस."

"कसली पट्टी?"

"सेल गेले. चारही."

रॉडने झाकण खाली ठेवलं. "गेले म्हणजे?"

"फुगले. व्होल्टेज वर नेलेलं होतं. आज शेडमध्ये तूच होतास."

"मी फ्रिज उघडला, खेकडे ठेवले, फ्रिज बंद केला. शपथेवर सांगतो नेव्ह, मी त्या टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही."

"तुला घाई झाली होती."

"अरे, माझी घाई सगळी तोंडात! इतक्या वर्षांत मी कोणाच्या पट्टीला बोट लावलंय का?"

मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, रॉडला उलट ओरडता आलं असतं. मी नुसतं सांगितलं की ग्लेनिसने आयुष्यात मागितलेली एकच गोष्ट होती, ती तू घालवलीस, आणि ग्लेनिस गेल्यावर तिला पोचवायलाही येऊ नकोस. हंड्याखालचा गॅस फुसफुसत होता. रॉडने खाली वाकून तो बंद केला, पँटला हात पुसले आणि आपल्या कॅराव्हॅनमध्ये गेला. पान्याचा आवाज यायला लागला. थोड्या वेळाने तो आपली बॅटरी दोन्ही हातांत धरून, पायऱ्या चाचपत बाहेर आला.

"घे. तुझ्या बॅटरीएवढीच आहे. मी कुठे जाणार आहे यंदा?"

"म्हणजे कबूल आहे तुला."

"काही कबूल नाही." त्याने ती माझ्या गाडीत ठेवली आणि खाली चिंधी सारली, म्हणजे सरकू नये. "भांडायचं तर आल्यावर भांडू. आधी तिला घेऊन जा."

मी आभार मानले नाहीत. माझ्या दृष्टीने ती कबुलीच होती.

घरी आलो तर ग्लेनिस जागी होती. मी गाडीतली बॅटरी आत आणून तिच्या पायाशी ठेवली.

"रॉडने सेल घालवले," मी म्हणालो. "बटण फिरवून ठेवलं. पण स्वतःची बॅटरी दिलीय त्याने. परवा सकाळी निघू."

ती बॅटरीकडे बघत राहिली. यंत्र कोपऱ्यात आपलं उसासे टाकत होतं.

"रॉड स्वतः म्हणाला, मी फिरवलं असं?"

"नाही म्हणाला. म्हणणारच."

"तू काय बोललास त्याला?"

मी सांगितलं, जसंच्या तसं. तिने डोळे मिटून घेतले.

"अरे देवा," ती म्हणाली. "पोचवायला येऊ नकोस म्हणालास? रॉडला? नेव्ह, ते बटण मी फिरवलं."

"तुझी नळी तिथवर पोचत नाही," मी म्हणालो. पहिलं जे डोक्यात आलं ते हे. ती नळी घरभर फिरते, पण मागच्या दारापाशी संपते, आणि शेड अंगणाच्या पलीकडे आहे.

"नाहीच पोचत. काढून ठेवली."

"काढून?"

"लिंबाखाली थोडं बसले. मग तुझ्या स्टुलावर बसले. पट्टी निघता निघेना, माझ्या नखांत जोर कुठे आहे? येताना वाटलं, आता काही घरापर्यंत पोचत नाही आपण."

"पडली असतीस तू तिथे!"

"हो. तेही मनात आलं."

मी खाली बसलो, तिच्या समोर, जमिनीवर. "का पण?"

"मला नाही जायचं तळ्यावर."

"तूच म्हणाली होतीस, पाणी येईल तेव्हा—"

"म्हणाले असेन रे. लग्नाला आठवडा झालेला, नवऱ्याने हाडं खिळखिळी होईपर्यंत गाडीतून आणलं, आणि समोर काय, तर मीठ! तुझं तोंड एवढंसं झालं होतं. काहीतरी बोलायला नको? मला पाण्याचं कधीच कौतुक नव्हतं. दाराशी समुद्र आहे आपल्या, त्याच्यावर तरी कितीदा जाते मी?"

"मग सांगायचंस मला. एवढं एक वाक्य."

"कोणाला सांगणार?" ती म्हणाली, आणि धाप लागल्याने थांबली. मी वाट बघितली. "फेब्रुवारीपासून तू घरात नाहीस, नेव्ह. जेवायला येतोस, आकडे सांगतोस, जातोस. मी नाही म्हटलं असतं तर तुझ्या हातात काय राहिलं असतं? म्हटलं, आपोआप बिघडलं तर कोणाला काही बोलावंच लागणार नाही. रॉडवर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याचं नाव मी घेतलं ते खेकडे वाया जाऊ नयेत म्हणून."

मला हसू येईल असं वाटलं, पण ते हसू नव्हतं.

"मला इथे राहायचंय," ती म्हणाली. "माझ्या पलंगावर. सकाळी सायलोवर कबुतरं भांडतात ती ऐकत. त्या कॅराव्हॅनच्या डब्यात नाही, रस्त्याकडेला, पंप कुठे आणि जॅक कुठे करत तू बाहेर फिरत असताना. आणि त्या वेळी तू घरात हवास. शेडमध्ये नाही."

तिने नेमकं तेच पकडलं होतं. तळ्यावर मला कामं असती. छत ताणायचं, पाणी भरायचं, बॅटरी तपासायची. ती जाईल तेव्हा मी कशाच्या तरी खाली वाकलेला असेन असंच मी मनात ठरवलं होतं, नकळत नाही, चांगलं कळून. तिच्यासाठी म्हणून जे चाललं होतं ते सगळं माझ्या पळण्यासाठी होतं.

"ऐकतोयस?"

"ऐकतोय."

"मग म्हण."

"काय म्हणू?"

"मी मरताना तू घरात असशील असं म्हण."

त्यात अवघड काय होतं? डॉक्टरने सांगितलं होतं, नर्स दर आठवड्याला येऊन निराळ्या शब्दांत तेच सांगून जायची, आणि तासाभरापूर्वी रॉडच्या परसात मी स्वतः ते हत्यारासारखं वापरलं होतं.

"तू मरताना," मी म्हणालो, आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. त्या खोलीत एखादं जनावर ओरडावं तसा आवाज झाला. तो माझा होता. इतके महिने मेलेलं अंग एकदम जिवंत झालं आणि सगळीकडून दुखायला लागलं. मी तिच्या गुडघ्यांना मिठी मारली. किती हलकी झाली होती ती, मला माहीतच नव्हतं.

ग्लेनिसने माझ्या टकलावर हात ठेवला आणि मला रडू दिलं. नंतर म्हणाली, "आता वाक्य पुरं कर, नेव्ह."

मान वर न करता मी ते वाक्य पुरं केलं.